कासवातला दिवा

"तमाम रहिवाशांना, आणि विशेषतः वरच्या मजल्यांवरून विडीची थोटकं खाली टाकणाऱ्या थोर पुरुषांना, अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आपल्या पटांगणातील हिरव्या कासवामध्ये आजपासून दहा दिवस अखंड दिवा तेवत राहणार आहे. कासव संपूर्ण प्लायवूडचे आहे. दिवा संपूर्ण तेलाचा आहे. तरी दोघांचाही मान राखावा. शेजारी पाण्याची बादली राखणीला ठेवली आहे. ती कपडे भिजवायला कोणीही नेऊ नये. हुकमावरून."

बाळ्या, ही सूचना मी लिहिली. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चाळीच्या दारातल्या फळ्यावर. 'हुकमावरून'च्या खाली एक जाड रेघही मारली. कोणाचा हुकूम, असं एकानेही विचारलं नाही. आपल्या लालबागेत खाली रेघ असली की लोक ऐकतात.

समोरच्या नव्या टॉवरचा वॉचमन तेवढा विचारायला आला. "साब, अंदर सच्ची में कछुआ है क्या?"

मी त्याला हाताला धरून पटांगणात आणलं आणि थाटात दाखवलं. पाण्याचा थेंब आडवा निजावा तसा आकार. पुढून गोल, मागे निमुळता. छातीएवढी उंची, खाली दोन चाकं, पुढे टॅक्सीला अडकवायचा आकडा. बाजूला बुटकं दार. आत दोन माणसं आडवी होतील एवढी गादी, बाकी काही नाही. आणि मागचं झाकण वर उचललं की आख्खं स्वयंपाकघर: स्टोव्ह, मसाल्याचा डबा, कपबशांना खाचा, खोबऱ्याची खवणीसुद्धा.

"इसमें आदमी रहता था?" तो म्हणाला.

"सोता था," मी म्हणालो. "कल दोपहर को सोया. फिर उठा नहीं."

त्याने टोपी काढली. कासवासमोर टोपी काढणारा तो पहिलाच माणूस. बाकी सगळ्यांनी इतकी वर्षं नुसती टोपी उडवली.

तुझं जाणंही तुझ्यासारखंच रे. जेवलास, गॅलरीतून खाली आलास, टॅक्सीच्या काचेवर फडकं मारलंस आणि नेहमीसारखा कासवात शिरून पाय ताणलेस. चहाच्या वेळेला सुमनवहिनींनी वरून हाक मारली. मग अजून एक. तिसऱ्या हाकेला मी उठलो, कारण वहिनींची तिसरी हाक परतवून लावायची तुझी हिंमत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. दार उघडं होतं. तू उजव्या कुशीवर, हात उशाखाली. तोंडावर असा भाव, की जणू कोणीतरी तुला पत्ता विचारलाय आणि तुला तो नेमका माहीत आहे.

असो. रडायचं ते रडून झालंय. आता भांडायला बसलोय.

कारण आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे. ते कासवाच्या दाराचं नाही, रंगाचंही नाही. हिरवा रंग मी कधीच माफ केला. ते भांडण वहिनींचं आहे. एवढं सुंदर घर तू ज्या बाईसाठी बांधलंस, ती बाई इतक्या वर्षांत एकदाही त्यात आली नाही. आणि ते तिच्यासाठी आहे, हे तू तिला एकदाही सांगितलं नाहीस. मला सांगितलंस. मी काय करू त्याचं?

सुरुवात तुझ्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर झाली. गिरणीचा संप होऊन गेला होता. म्हणजे तो तसा कधी संपलाच नाही, आपणच त्यातून गळून पडलो. दोघंही साचेखात्यात, मागांवर, बदली कामगार. कायम व्हायच्या आत मिलचा भोंगा गप्प झाला. मी एका कचेरीत चिकटलो, तू पिवळ्या-काळ्या फियाटचा शेठ झालास. आणि एके दिवशी कोणी गोरा प्रवासी तुझ्या गाडीत एक गुळगुळीत पानांचं मासिक विसरला. परत द्यायला तू हॉटेलच्या दारात बराच वेळ उभा राहिलास. तो काही सापडला नाही. मग तू ते उघडलंस, आणि कामातून गेलास.

पानभर रंगीत फोटो. झाडाखाली एक थेंबासारखी चिमुकली गाडी, मागचं झाकण उघडं, एक बाई अंडी फोडते आहे, आणि नवरा खुर्चीत बसून तिच्याकडे बघतो आहे. बस. एवढंच. तू तो फोटो मला इतक्या वेळा दाखवलास, की मला त्या अंड्यांचा वास यायला लागला.

"दिग्या, हे स्वतः बांधतात. घरच्या घरी. लाकडाचं."

"त्यांच्याकडे घरं आहेत बाळ्या. घराला अंगण आहे. तुझ्याकडे काय आहे?"

"पटांगण आहे."

"ते चाळीचं आहे."

"मग चाळीलाच विचारू."

चाळीला विचारलं नाहीस. चाळीला कामाला लावलंस! वेल्डर तळमजल्यावरचा. त्याने लोखंडी अँगलचा सांगाडा जोडून दिला. तुझ्याच फियाटचे स्प्रिंगचे जुने पाटे, जुनी चाकं. आणि लाकूड मंडळाचं. गणपती विसर्जन झालं की देखाव्याचा प्लाय गोदामात कुजत पडायचा. त्या वर्षी कैलास पर्वत होता. तू अर्धा कैलास उचललास. मखराची कमान वळवायला आपण प्लायला ओलं गोणपाट गुंडाळून, दोऱ्यांनी ओढून, दगड बांधून ठेवायचो, तसंच तू कासवाचं छत वळवलंस. आठवडाभर पटांगणात एक मढं बांधून ठेवल्यासारखं दिसत होतं. पोरं घाबरून लांबून जायची. दोऱ्या सोडल्या आणि छत तसंच राहिलं, सरळ झालं नाही, तेव्हा तू टाळी वाजवलीस आणि माझ्या पाठीत इतका जोरात गुद्दा घातलास की मला खोकला आला. माणूस मिलमध्ये आयुष्यभर सरळ कापड विणतो, म्हणून त्याला गोल छताचं एवढं कौतुक, असं मी तेव्हा म्हणालो होतो. तुला ते आवडलं नव्हतं. म्हणालास, "भाषण नको, स्क्रू दे."

बाहेरून तेलाच्या डब्यांचे पत्रे ठोकून बसवलेस, त्यावर हिरवा रंग. दाराला मूठ म्हणून धोटा लावलास. साच्यावर सुताची कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावणारी ती लाकडी होडी. कुठून आणलास, ते मी विचारलं नाही. आणि आत, गादीवर उताणं झोपलं की वर बघायला कैलास. तोही उलटा. बर्फाची शिखरं खाली डोकं करून लटकलेली, आणि एका कोपऱ्यात नंदीची शेपटी. तू ती रंगवून टाकली नाहीस. म्हणालास, राहू दे, सोबत होते.

हे सगळं होत असताना वहिनी गॅलरीत उभ्या राहून तांदूळ निवडत होत्या. तुम्हा नवरा-बायकोला कधी भांडताना ऐकलं नाही, असं चाळ अभिमानाने सांगते. मी सांगतो कारण. भांडायला जागा नव्हती. संपाआधी एका खोलीत तुझे आईबाप, थोरला भाऊ, भावजय, त्यांची पोरं आणि तुम्ही. पुरुष गॅलरीत झोपायचे, बायका आत. नवीन लग्न झालेलं तुमचं, आणि तुम्ही एकमेकांशी बोलायचात ते नळावर. तेही हंडा वाजत असताना, म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून! मी मागे रांगेत असायचो, मला सगळं ऐकू यायचं. काही विशेष नसायचं. "ताप उतरला काय?" "उतरला." एवढंच. पण ते बोलताना तुमचे चेहरे असे, की मी माझी कळशी घेऊन मुद्दाम दोन पावलं मागे सरकायचो.

म्हणून मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, की तू गाडी बांधत नाहीयेस. तू दोन माणसांची खोली बांधतोयस.

वहिनींना मात्र त्यात चाकं दिसली.

तू सांगाडा आणून पटांगणात ठेवलास त्या संध्याकाळी त्या जिन्यावरून खाली आल्या, चाकाला पायाने जरासं ढकलून बघितलं, ते फिरलं, आणि त्या म्हणाल्या, "घराक चाकां नसतत. ह्या घरातलो संसार हातगाडीर चढलेलो मी बघलंय. परत नको माका."

तू चाक हाताने थांबवलंस. कारण जिथे सांगाडा उभा होता, नेमकी तिथेच संपाच्या दिवसांत हातगाडी लागायची. आज या खोलीचा संसार, उद्या त्या खोलीचा. ट्रंक, पिंप, पाळणा, वर उलटी ठेवलेली खुर्ची. तुझा थोरला भाऊ तसाच गेला, बायको-पोरांना घेऊन, गावाला. वहिनींनी स्वतःच्या हाताने त्या पिंपाला दोरी बांधली होती. पुढची हातगाडी आपली, असं धरून त्या कितीतरी महिने भांडी दोन ढिगांत रचून ठेवत होत्या: न्यायची आणि द्यायची. ती वेळ आली नाही, कारण तुला टॅक्सी मिळाली. पण बाईने चाक म्हटलं की काय बघितलं, हे तुला समजायला हवं होतं. समजलंही असेल. तू मात्र त्यावर उपाय काय केलास? चाकांना छान वंगण घातलंस.

आणि मग ती कडी.

बाळ्या, त्या कडीसाठी मी तुला जन्मभर छळलं, आता शेवटचं छळतो. कासव तयार झालं. पहिली झोप पटांगणातच घ्यायची ठरलं, आपण दोघांनी. पहाटे दूध केंद्रावरून येणाऱ्या कोणा माउलीने बघितलं, दार किलकिलं आहे. चाळीतली रीतच ती. कोणाचं दार उघडं आणि आत हालचाल नाही, तर जाता जाता कडी लावायची, मांजर शिरू नये म्हणून. तिने लावली. बाहेरून. उजाडलं, तू उठून दार ढकलतोस तर ढकललं जाईना. मागच्या झाकणालाही खिटी बाहेरूनच. मी म्हणालो, आतली कडी काढ. तू म्हणालास, "आतली कुठली?"

तू आत कडी लावलीच नव्हतीस! दोघांसाठी खोली बांधली, जगापासून लांब जायला, आणि दार आतून लावायची सोय नाही. कारण दार आतून लावायचं असतं हे तुला सुचलंच नाही. कुठून सुचणार? जन्मापासून एका दाराला आतून कडी लावून तू कधी झोपला नव्हतास. मला त्या अंधारात आधी हसू आलं. मग हसू थांबलं. मग तू कैलासावर गुद्दे मारायला लागलास तेव्हा परत आलं.

आख्खी चाळ गोळा झाली. पण उघडेना कोणी! वरून सल्ले यायला लागले.

"बाळू, भाडं देणार असशील तर काढतो!"

"राहू दे रे, दोघं सुखात आहेत!"

"दिगंबरकाका, चहा आत पाठवू की बाहेर येताय?"

शेवटी गर्दीतून वहिनी आल्या. कडी काढली. दार उघडलं तर समोर आपण दोघं, गंजिफ्रॉकात, घामाने थबथबलेले. वहिनी हसल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, थांबेचनात. संपानंतर मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. तूही बघितलं नसावंस, कारण तू तिथेच बावळटासारखा बसून राहिलास. दार उघडं, त्या दारात, तू आत. मला वाटलं, आता डोकावतील. एक पाऊल तरी. त्यांनी हसू आवरलं, तोंड फिरवलं आणि जिना चढून गेल्या.

दुसऱ्याच दिवशी तू पितळेची कडी आणून आतून बसवलीस. ठोकत होतास तेव्हा वरच्या गॅलरीतून बायका खिदळल्या. "आता काय बाई, आतून पण लागते!" वहिनी लाल झाल्या आणि आत गेल्या. संपलं. आता चाकांची भीती होतीच, वर लाजेची भर पडली. सगळ्या गॅलऱ्या जिथे खाली बघतात, त्या पटांगणात नवऱ्याबरोबर त्या डब्यात शिरायचं? त्यापेक्षा त्या अरबी समुद्रात शिरल्या असत्या.

आणि मग त्यांच्या जागी मी. हा नशिबाचा खेळ बघ. फोटोत गोरी मडम, लालबागेत दिगंबर. सुट्टी मिळाली की तू कासव टॅक्सीला अडकवायचास आणि आपण निघायचो. वसई, केळवे, कर्नाळ्याचा पायथा. तुझ्या बायकोच्या जागी मी झोपायचो, घोरायचो आणि सकाळी तुझ्या हातचा चहा प्यायचो. माझ्या बायकोने तुला विचारलं होतं एकदा, "भावोजी, यांना कायमचे नेता का?"

पण काय दिवस होते ते! सायनच्या पुढे हवालदाराने अडवलं, आठवतं?

"मागे काय लावलंय?"

"घर," तू म्हणालास.

"कोणाचं?"

"माझं."

"मग तू टॅक्सीत काय करतोयस?"

 मी खाली उतरून मागचं झाकण उघडलं, स्टोव्ह पेटवला आणि रस्त्याच्या कडेला चहा टाकला. हवालदार आत वाकून कैलास बघत राहिला. निघताना म्हणाला, "नंदीचं तोंड कुठाय?" ते चाळीच्या गोदामात आहे, असं तू अतिशय प्रामाणिकपणे सांगितलंस.

केळव्याला सुरूच्या झाडांत कासव उभं केलं, की पहिलं काम तुझं ठरलेलं. झाकण वर करायचं, काठीचा टेकू द्यायचा आणि दोन पावलं मागे जाऊन कंबरेवर हात ठेवून बघायचं. नुसतं बघायचं. चुलीवरचं काही जळत असलं तरी. मला वाटतं, स्वतःच्या हाताने बांधलेल्या वस्तूकडे माणसाने असं दोन पावलं मागे जाऊन बघणं, ही चैन आपल्यासारख्यांना फार कमी मिळाली. आपण विणलेलं कापड कोणाच्या अंगावर गेलं, ते आपण कधी बघितलं नाही. कासव मात्र समोर उभं असायचं. पत्र्यावर सुरूच्या काड्या पडायच्या, त्यांचा आवाज तू कान लावून ऐकायचास. बांगडे तळायचास, हात भाजायचास, आणि समुद्राकडे तोंड करून जगाला शिव्या द्यायचास, पण प्रेमाने. तेवढ्या आनंदाबद्दल मी तुझा ऋणी आहे. हे तोंडावर कधी बोललो नाही, कारण तू "भाषण नको" म्हणाला असतास.

एकदाच वहिनी आल्या. पालघरला कोणाचं तरी लग्न होतं, तिथून परतताना वाट वाकडी करून तू टॅक्सी केळव्याला नेलीस. मीही होतो, अर्थात, आणि मागे अडकवलेलं कासवही. वहिनी टॅक्सीतून उतरल्या, मागे आल्या, झाकण उघडलेलं बघितलं. खवणी बघितली. खवणीवरून बोट फिरवलं. आणि पदर खोचला. "ह्या भायर आसा," त्या म्हणाल्या. म्हणजे स्वयंपाकघर बाहेर आहे, त्याला हरकत नाही. काय जेवण झालं ते! तिरफळाचा वास आख्ख्या बागेत. तू कासवाच्या आत आडवा, मी बाहेर चटईवर. आणि त्या फळीच्या भिंतीतली ती छोटी खिडकी, स्वयंपाकघरातून गादीकडे उघडणारी, जी तू कशासाठी ठेवलीस हे मला कधी कळलं नव्हतं, ती वहिनींनी सरकवली आणि तिच्यातून चहाचा कप पुढे केला. तुझा हात आला, कप घेतला. मला फक्त दोन हात दिसत होते. कप तिकडे गेला तरी खिडकी थोडा वेळ उघडीच राहिली. फळीच्या अलीकडे त्या, पलीकडे तू.

झोपायला मात्र त्या टॅक्सीच्या मागच्या सीटवर गेल्या.

सकाळी पाण्याला जाताना मी तुला धरलं. "सांग तिला. सरळ सांग, की हे तुझ्यासाठी आहे. आपल्याला कधी खोली मिळाली नाही, म्हणून बांधली."

"ते काय सांगायचं असतं?"

"मग काय करायचं असतं?"

"तिला आपणहून वाटलं पाहिजे, की हे घर आहे."

"तिला वाटेपर्यंत प्लायला वाळवी लागेल, बाळ्या."

"लागू दे. परत बांधीन."

 माझ्याकडे फार चांगलं उत्तर होतं, पण ते मला घरी पोचल्यावर सुचलं. नंतर आईबाप गेले, पोरगा नोकरीला पुण्याला गेला, खोलीत तुम्ही दोघंच उरलात. मी म्हटलं, आता तर खोली झाली, आता काय करायचंय कासवाचं? तू म्हणालास, "ती खोली वडिलांची रे." दुपारची झोप तू तिथेच काढत राहिलास. एका कडेला. अर्धी गादी मोकळी ठेवून.

तर आता दिव्याचं.

तू गेलास त्या संध्याकाळी तुझी थोरली बहीण, अक्का, डोंबिवलीहून आली. तिने सगळी सूत्रं हातात घेतली. पोरगा क्रियेला बसणार, कोणी काय आणायचं, सगळं. मग म्हणाली, "जंय जीव गेलो, थंय दिवो व्हयो." जिथे जीव गेला तिथे दिवा हवा. ही आपल्याकडची रीत, त्यात वाद नाही. पण जीव गेला कासवात! आणि इथे चाळीत जी चर्चा सुरू झाली बाळ्या, ती ऐकायला तू हवा होतास.

एकाचं म्हणणं, कासव हे वाहन. वाहनात गेलेल्याचा दिवा घरात लावतात. टॅक्सीत गेला असता तर टॅक्सीत लावला असता काय? दुसरा म्हणाला, वाहन कसलं, त्याला इंजिन कुठाय? तिसऱ्याने विचारलं, मग खाट आहे काय? मी उठून म्हणालो, हवालदारासमोर त्याने ते घर म्हणून सांगितलेलं आहे, मी साक्षीदार आहे. भटजींनी सावधपणे दोन्ही बाजूंनी मान हलवली. वाहन असेल तर वर खोलीत, वास्तू असेल तर तिथेच, ते तुम्ही ठरवा, असं म्हणून ते मोकळे झाले.

अक्का वहिनींकडे वळली. त्या कोपऱ्यात बसल्या होत्या. "तूच सांग गो सुमन. ता घर काय गाडी?"

खोलीतली माणसं पुढे सरकली. गॅलरीतली माणसंसुद्धा. कारण हे भांडण सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्या बाईने त्याला घर म्हटलं नव्हतं. डबा म्हटलं, खोका म्हटलं, रागावल्या की "तुमचा ता" म्हटलं. घर नाही. गाडी म्हणाल्या असत्या तर दिवा वर लागला असता, सगळ्यांची सोय झाली असती, आणि मला बादली घेऊन राखण बसावं लागलं नसतं.

वहिनींनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "घर. दिवो आत लावा."

तू जिंकलास रे. आणि तू नव्हतास.

परातीत पीठ पसरून दिवा ठेवला, तुझ्या बाजूला, तुझी अर्धी गादी गुंडाळून. वर वेताची पाटी झाकली. दुसरी अर्धी गादी तशीच होती. तेल घालायचं काम माझ्याकडे आलं. वहिनी वाटी घेऊन खाली यायच्या, दारात उभ्या राहायच्या, धोट्याच्या मुठीला धरून हात आत लांब करायच्या. वाटी मी घ्यायचो, रांगत जाऊन तेल घालायचो, वात पुढे सरकवायचो, गुडघे मोडत बाहेर यायचो. त्या विचारायच्या, "नीट आसा?" मी म्हणायचो, "नीट आहे." त्या वर जायच्या. घर म्हणाल्या, पण उंबरठा ओलांडला नाही. मीही काही बोललो नाही. तुझ्याकडून शिकलो, म्हण.

असे दिवस गेले. चाळीने कमाल केली, हे सांगायला हवं. विडी बंद. पोरांनी क्रिकेट मागच्या गल्लीत नेलं. बादलीत कोणी कपडे भिजवले नाहीत, फक्त एकदा कोणीतरी आंबे गार करायला ठेवले. ते मी खाल्ले.

काल शेवटचा दिवस. सकाळी सगळे दहाव्याचं करून बाणगंगेवरून आले, जेवणं झाली, चाळ पेंगायला लागली. मी कोपऱ्यावर चहा घ्यायला गेलो. जरा वारा सुटला होता. परत आलो तर बादलीशेजारी वहिनींच्या चपला.

दोन चपला, नीट जोडून, घराबाहेर काढतात तशा.

मी हातातला ग्लास सावकाश खाली ठेवला. दार उघडं होतं. वहिनी आत होत्या. वाऱ्याने वात कलली असावी, त्यांनी ती सारखी केली होती. तेल घातलं होतं. मग बसल्या असतील. मग वर बघितलं असेल, तो उलटा कैलास. दहा दिवस न झोपलेली बाई, मग पाठ टेकली असेल. मी बघितलं तेव्हा त्या मोकळ्या अर्ध्या गादीवर कुशीला वळून गाढ झोपल्या होत्या, दिव्याकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन.

मी स्टुलावर बसलो. वरच्या गॅलरीत कोणीतरी कोणाला तरी बोट दाखवलं. मग अक्का आली, कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. हळूहळू सगळ्या मजल्यांवर माणसं.  कुठल्या तरी खोलीत कुकर शिट्टीला आला होता, तो कोणीतरी पळत जाऊन उतरवला.

आणि तेवढ्यात आतून, झोपेतच, अगदी वैतागलेल्या आवाजात, आख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं, वहिनी बोलल्या:

"अवो, वायच सरा तकडे! सगळी जागा तुमीच घेतल्यात!"